बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) निवडताना स्पिन रेट (चेंडूची फिरकी) किती धरायचा? तीन पोरांचे आकडे देतोय, जाणकारांनी सांगा

पलूसचा_मास्तर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबड लागंल, सांभाळून घ्या.

मी पलूस तालुक्यात एका हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे. मुलींचा सॉफ्टबॉल आणि मुलांचा बेसबॉल दोन्ही मीच बघतो, शिवाय हँडबॉल, कबड्डी आणि १५ ऑगस्टचं संचलन पण माझ्याकडंच. बेसबॉल मी स्वतः कधी खेळलो नाही, सॉफ्टबॉल खेळलोय, बाकी सगळं व्हिडिओ बघून आणि शिबिरात शिकलोय. पण पोरं चांगली हायत हो, खरंच चांगली हायत.

माझा भाचा पुण्यात एका अकॅडमीत काम करतो. दिवाळीला आला तेव्हा त्यांच्याकडचं रॅप्सोडोचं यंत्र आठ दिवसांसाठी घेऊन आला. चेंडूचा वेग, किती आरपीएमनं (मिनिटाला किती फेऱ्या) फिरतोय, किती टक्के फिरकी कामाला येतीये (त्याला एफिशियन्सी म्हणतात), सगळं टॅबवर दाखवतं. रोज सकाळी ६ ते साडेसात ग्राउंडवर लावलं. १७ वर्षांखालचे माझे तीन पिचर, त्यांच्या साध्या सरळ फास्टबॉलची सरासरी खाली देतोय, नावं देत नाही, एक-दोन-तीन म्हणू.

एक नंबर: ११२ किमी, १९८० आरपीएम, एफिशियन्सी ७२ टक्के.
दोन नंबर: ११८ किमी, १६५० आरपीएम, ९४ टक्के.
तीन नंबर: १०८ किमी, १४५० आरपीएम, ९० टक्के.

आता अडचण अशी की माझ्याकडं भरवशाचा कॅचर एकच आणि सकाळचा दीड तास, त्यात दोघांवरच नीट काम होतं, तिसऱ्याला मी आउटफिल्डला पाठवतो. भाचा म्हणतो एक नंबरवर मेहनत घे मामा, एवढा स्पिन या वयात कुठं मिळत नाही. दोन नंबरचे वडील रोज गेटवर उभे, त्यांचं म्हणणं स्पीडगनवर आमचा पुढं हाय मग विषयच कुठं येतो. आणि तीन नंबर, त्याचा आकडा सगळ्यात कमी, पण मंडळी खरं सांगू का, मॅचमधे त्याला कुणी उचलून मारत नाही. बॅट लागती पण चेंडू जमिनीवरनंच जातो, शॉर्टस्टॉपच्या (आतल्या फिल्डरच्या) हातात. गेल्या वर्षी निवडीला गेला तर फक्त स्पीडगन बघितली आणि दहा चेंडूत घरी पाठवला. पोरगं सात किलोमीटर सायकलनं येतं रोज, त्या दिवशी परत येताना एसटीत एक शब्द बोललं नाही.

तर प्रश्न हा, की अमेरिकेत पोरं निवडताना हा स्पिन रेट बघतात म्हणे, तो नेमका कसा बघायचा? जास्त म्हणजे चांगला असं सरळ हाय का? तीन नंबरला काढू का ठेवू?

कुपवाड_टर्नर

मास्तर, नमस्कार. तुम्ही आकडे लिहून ठेवले हेच मोठं काम केलंय, बहुतेक ठिकाणी नुसतं "लई फास्ट टाकतो" एवढंच असतं.

मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर आहे, पहाटे मोबाइलवर मेजर लीग (अमेरिकेतली सगळ्यात मोठी बेसबॉल लीग) बघायचा नाद आहे दहा-बारा वर्षांपासून. तिथं २०१५ पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची चेंडू मोजायची यंत्रणा बसवली, आधी रडार होतं, २०२० पासून हॉकआयचे कॅमेरे, तेच क्रिकेटमधे एलबीडब्ल्यूला दाखवतात ते. तेव्हापासून प्रत्येक चेंडूचा आरपीएम कळतो. मोठ्या पिचरचा सरळ फास्टबॉल साधारण २२००-२३०० ला असतो.

पहिली गोष्ट, नुसता आरपीएम बघू नका. वेग वाढला की फिरकी आपोआप वाढते, कारण बोटं तेवढ्याच जोरात चेंडूवरनं सुटतात. म्हणून आरपीएमला वेगानं भागायचं, वेग मैलात घ्यायचा, किलोमीटरला १.६ नं भागा म्हणजे झालं. त्याला तिकडं बाउअर युनिट म्हणतात. मोठ्या लीगमधे हे साधारण २४ च्या आसपास येतं. तुमच्या पोरांचं मी काढलं: एक नंबर २८.३, दोन नंबर २२.४, तीन नंबर २१.५. म्हणजे १६-१७ वर्षांच्या पोराचा १६५० बघून "कमी आहे" म्हणायचं कारण नाही, त्याच्या वेगाला तेवढाच येणार.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी, ती एफिशियन्सी. हे पोरांना समजावताना मी असं सांगेन की गिरमिट आठवा. गिरमिट लाकडात शिरताना गरागरा फिरतं पण जातं सरळ पुढंच, डावीकडं उजवीकडं वर खाली कुठंच जात नाही. चेंडू तसा फिरला, म्हणजे ज्या दिशेला चाललाय त्याच दिशेच्या आसाभोवती, तर कितीही आरपीएम असू दे हवा त्याला ढकलत नाही. आता सायकलचं चाक उलटं फिरवा, तसा चेंडू पुढं जाताना मागं मागं फिरत गेला तर वरची हवा आणि खालची हवा सारखी राहत नाही, चेंडूमागची हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वर उचल मिळते. याला मॅग्नस म्हणतात. चेंडू खरं तर वर चढत नाही हां, पडतोच, पण बॅटरला वाटतं त्यापेक्षा कमी पडतो, म्हणून बॅट खालनं जाते.

यंत्र जे टक्के दाखवतंय ते म्हणजे एकूण फिरकीतली किती चाकासारखी आणि किती गिरमिटासारखी. आता हिशोब करा. एक नंबर १९८० चे ७२ टक्के म्हणजे १४२६. दोन नंबर १६५० चे ९४ टक्के म्हणजे १५५१. बघा, कामाची फिरकी दोन नंबरचीच जास्त आहे! भाच्याला सांगा.

पण एक नंबरला कमी लेखू नका. एफिशियन्सी शिकवून वाढते. बहुतेक त्याची बोटं सुटताना चेंडूच्या मागं न राहता कडेला जात असतील, चेंडू किंचित आडवा कापत जात असेल. मनगट आणि पकड सुधारली की ७२ चे ८५-९० होतात. उलट ते भागून काढलेलं गुणोत्तर, ते माणसागणिक जवळपास ठरलेलं असतं, सराव करून फार हलत नाही. म्हणून शोधणारे लोक त्याच्यावर जीव टाकतात.

मात्र एक शंका येतीये. २८ फार म्हणजे फारच जास्त आहे. मोठ्या लीगमधे पण मोजके लोक तिथं पोचतात. यंत्र नीट लावलं होतं का? चेंडू तिघांना एकच होता का? बोटाला काही लावत नाही ना तो?

आपला_वाळवा

मास्तर राग मानू नका पण हे आकड्यांचं खूळ आपल्याकडं कशाला. पोराला दहावीला क्रीडागुण मिळाले, पुढं राज्यापर्यंत खेळला तर ५ टक्के खेळाडू आरक्षणात पोलिस भरतीला उपयोग होतो, आमच्या गावातली दोन पोरं तशी लागली. त्याला लागतं प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळतं निवड झाली तर, आणि निवडीला बघतात स्पीड. मग स्पीड वाढवा की. मेडिसिन बॉल, दोरीउड्या, पायाची ताकद. मी स्वतः भालाफेक केलीये म्हणून सांगतो. ते दोघं उत्तर प्रदेशातले रिंकू आणि दिनेश, २००८ ला अमेरिकेतल्या पायरेट्स संघानं घेतले, ते पण भालाफेकवालेच होते आणि त्यांना वेगावरच निवडलं. त्यावेळी कुणी आरपीएम विचारला नव्हता.

पलूसचा_मास्तर

@आपला_वाळवा दादा राग कशाचा, तुमचं बरोबरच हाय, प्रमाणपत्राचं महत्त्व मला पुरेपूर माहितीये, तीन नंबरच्या घरी तर त्याचीच आशा हाय. पायाची ताकद आम्ही करतोच. पण निवडीला सगळ्यांचाच वेग ११० ते १२० च्या मधे असतो, मग त्यातनं माझं पोरगं वेगळं कसं दाखवायचं हा माझा प्रश्न.

@कुपवाड_टर्नर तुमचं गिरमिट वाचून मी आज सुतारकामाच्या खोलीतनं खरंच गिरमिट आणलं आणि पोरांना दाखवलं, एका मिनिटात कळलं सगळ्यांना, मला भाच्यानं अर्धा तास इंग्रजीत सांगून कळलं नव्हतं. यंत्र पिचर आणि होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) मधे जमिनीवर ठेवलं होतं, भाच्यानं स्वतः लावलं, अंतर टेपनं मोजलं, ६० फूट ६ इंच. चेंडू म्हणाल तर सहा नवीन आणि चार जुने मिसळून होते, हे मात्र चुकलं. बोटाला लावण्याचं विचारून सांगतो.

फिरकी_सातारा

मी साताऱ्यात शाहू स्टेडियमच्या बाजूला पोरांना क्रिकेट शिकवतो, बेसबॉलचं फारसं कळत नाही पण मास्तरांचा तीन नंबर वाचून राहवलं नाही.

आमच्याकडं लेगस्पिनर पोरगं आलं की पालक पहिल्यांदा विचारतात किती वळवतो. टीव्हीवर फिरकीचे आकडे दाखवतात ना हल्ली, त्यामुळं. माझा अनुभव असा की खूप फिरवणारा चालतो, कारण हवेत चेंडू तरंगतो, मग पटकन खाली येतो. आणि अगदी कमी फिरवणारा, चेंडू सरकवणारा, तो पण चालतो, कारण बॅटर वळणाची वाट बघतो आणि चेंडू सरळ पॅडवर येतो. मार कोण खातो तर मधला. ज्याचा चेंडू इतर दहा जणांसारखा येतो तो. बॅटरचा डोळा सवयीचा असतो हो, आयुष्यभर बघितलेले हजारो चेंडू त्याच्या डोक्यात बसलेले असतात, त्यापेक्षा चेंडू चार बोटं वर आला किंवा चार बोटं खाली आला की बॅट चुकली.

बेसबॉलला फिरकी उलटी, तुमचा चेंडू मागं फिरतो म्हणून कमी पडतो, आमचा टॉपस्पिन पुढं फिरतो म्हणून जास्त पडतो. पण तत्त्व तेच असणार. तुमचा तीन नंबर कमी फिरवतो, म्हणजे त्याच्या चेंडूला उचल कमी, म्हणजे बॅटरला वाटतं त्यापेक्षा तो खाली जातो, म्हणूनच बॅटच्या खालच्या भागाला लागून जमिनीवरनं जातो. हा दोष कसा झाला? हा तर त्याचा गुण आहे! टर्नरभाऊ, बरोबर का?

कुपवाड_टर्नर

@फिरकी_सातारा शंभर टक्के बरोबर सर, मला जे चार ओळीत सांगता आलं नसतं ते तुम्ही सांगितलं.

एक गोष्ट सांगतो, मला फार आवडते. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजनं डिसेंबर २०१३ मधे कॉलिन मॅकह्यू नावाचा पिचर घेतला, घेतला म्हणजे दुसऱ्या संघानं सोडून दिलेला उचलला. त्याच्या नावावर तोवर मेजर लीगमधे एकही विजय नव्हता, सरासरी (नऊ डावांमागं दिलेल्या धावा, जितकी कमी तितकी चांगली) ९ च्या आसपास, म्हणजे वाईटच. पण ह्यूस्टनच्या लोकांनी त्याच्या कर्व्हबॉलची (पुढं फिरून खाली वळणाऱ्या चेंडूची) फिरकी बघितली होती, ती भलतीच जास्त होती. त्याला सांगितलं सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) कमी कर, कर्व्ह वाढव आणि सरळ फास्टबॉल वर टाक. २०१४ ला त्याची सरासरी २.७३, आणि २०१५ ला १९ मॅच जिंकल्या.

आता त्याच संघात त्याच वर्षी दुसरा पिचर डॅलस कायकल. वेग ९० मैलाच्या आतच, मेजर लीगच्या मानानं हळू. सिंकर खाली खाली टाकायचा, बॅटर जमिनीवर मारायचे, मागची फिल्डिंग आउट करायची. त्यानं २० मॅच जिंकल्या आणि साय यंग पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा, घेतला. एकच संघ, एकच वर्ष, एकाचा चेंडू वर, एकाचा खाली. संघानं दोघांना एका फूटपट्टीनं मोजलं असतं तर त्यातला एक घरी बसला असता.

म्हणून तीन नंबरला दोन शिवणींवर बोटं ठेवून टाकायला लावा, गुडघ्याच्या उंचीला. त्याला स्पिन वाढवायला अजिबात सांगू नका. वाढला आणि मधेच अडकला तर सरांनी म्हटलेला तो मार खाणारा मधला होईल. पुढं मागं चेंजअप किंवा स्प्लिटर (फास्टबॉलसारखे दिसणारे पण हळू येणारे चेंडू) शिकवा, त्यात मुद्दाम फिरकी कमी ठेवतात, मोठ्या लीगमधे स्प्लिटर १४००-१५०० ला असतो जिथं फास्टबॉल २३०० ला. आणि दोन नंबर, ज्याची कामाची फिरकी चांगली आणि वेगही आहे, त्यानं छातीच्या उंचीला टाकायला शिकायचं. आपल्याकडं सगळ्यांना सरसकट "खाली टाक खाली टाक" ओरडायची सवय आहे, त्यात असल्या पोरांचं नुकसान होतं.

पलूसचा_मास्तर

मंडळी, टर्नरभाऊंची शंका खरी निघाली. आज सकाळी एक नंबरला बाजूला घेऊन विचारलं, बोटाला काही लावतोस का रे. तो लगेच म्हणाला हो सर, ते हँडबॉलचं रेझिन. आमच्या क्रीडाखोलीत डबा असतो, हँडबॉलची पोरं लावतात, त्यांच्या खेळात चालतं. यानं बघितलं की चेंडू हातात बसतो म्हणून दोन महिन्यांपासून बोटाच्या टोकाला लावत होता. लपवलं नव्हतं त्यानं, चुकीचं असतं हेच ठाऊक नव्हतं, आणि ते माझंच काम होतं सांगायचं. पोराचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो अरे तू चोरी नाही केलीस, डबा उघडा ठेवला तो मी.

साबणानं हात धुऊन, रॉकेलच्या फडक्यानं बोटं पुसून, परत साबण, आणि एकाच नव्या चेंडूनं २० चेंडू टाकायला लावले. वेग तोच ११२. आरपीएम १७४०. एफिशियन्सी ७२ च.

कुपवाड_टर्नर

मास्तर, पोराला खरंच काही बोलू नका. हा घोळ मेजर लीगमधे मोठमोठ्या लोकांनी जाणूनबुजून केलाय. चिकट पदार्थ लावून फिरकी वाढवणं एवढं बोकाळलं की २१ जून २०२१ पासून पंच प्रत्येक पिचरचे हात, टोपी, पट्टा तपासायला लागले, सापडला की १० मॅचची बंदी. तपासणी सुरू होते म्हटल्यावरच सगळ्या लीगची सरासरी फिरकी घसरली, आकड्यात स्पष्ट दिसतं. माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) राळेची पुडी असते ती चालते, घाम टिपायला, बाकी काही नाही.

आणि बघा, मी म्हटलं होतं ना गुणोत्तर सरावानं हलत नाही. २८.३ चं झालं २४.९. म्हणून तिकडंही एखाद्याचं गुणोत्तर अचानक वर गेलं की लोकांच्या भुवया वर जातात. आता २४.९ हा खरा आकडा, आणि तो चांगला आहे हो! तिघांत सगळ्यात चांगला अजून त्याचाच. फक्त ७२ टक्क्यांनी कामाची फिरकी १२५३ च होते. मनगट सुधारून ९० ला आणलात तर १५६६, म्हणजे दोन नंबरच्या बरोबरीला येईल. यात मात्र मेहनत घेण्यासारखी आहे.

यंत्र परत गेल्यावर काय कराल ते पण सांगतो. चेंडूवर काळ्या मार्करनं पूर्ण गोल रेघ मारा, शिवणींच्या मधनं. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लोमोशनला लावा, पिचरच्या मागनं झूम करून, भर उन्हात, सावलीत रेघ पुसट होते. मग एक-एक फ्रेम पुढं ढकलत दहा फेऱ्यांना किती फ्रेम लागल्या मोजा. समजा ८४ लागल्या, तर ८४ भागिले २४० म्हणजे ०.३५ सेकंदात दहा फेऱ्या, मिनिटाला १७१४. आम्ही लेथच्या स्पिंडलला टॅकोमीटर लावतो तसंच हे. काही स्वस्त मोबाइल मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतात, ९६० वगैरे लिहिलेलं असलं तरी, त्यामुळं यंत्र असेपर्यंतच एकदा दोन्ही आकडे ताडून घ्या. आणि रेघेवरनं आस पण दिसतो, रेघ थरथरत लडबडत गेली की समजा गिरमिट शिरलंय.

मिरज_फिजिओ

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, खांदा आणि कोपर हेच रोजचं काम. सर, तुम्ही मनापासून करताय ते दिसतंय म्हणून स्पष्ट लिहिते.

आठ दिवस रोज सकाळी यंत्रावर टाकायला लावलंत का तुम्ही? तसं असेल तर कृपया थांबवा. टॅबवर आकडा दिसला की पोरगं प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतं, पुढच्याला दहा जास्त आले पाहिजेत म्हणून. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मधे मेजर लीगनंच पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यात हेच म्हटलंय, की वेगाच्या आणि फिरकीच्या मागं लागणं आणि सतत पूर्ण ताकदीनं टाकणं हे मोठं कारण दिसतं. कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट तुटतो, त्याचं ऑपरेशन १९७४ ला पहिल्यांदा झालं टॉमी जॉन नावाच्या पिचरवर, आता त्याच नावानं ओळखतात. १६ वर्षांच्या पोराची हाडं अजून वाढत असतात सर.

त्यांचेच नियम आहेत, पिच स्मार्ट म्हणतात. १३ ते १६ वयाला एका दिवसात जास्तीत जास्त ९५ चेंडू, १७-१८ ला १०५. १५-१६ च्या मुलानं ७६ किंवा जास्त टाकले तर पुढं चार दिवस विश्रांती. आणि हे मॅचचे चेंडू, ग्राउंडवर उगाच टाकलेले आपण मोजतच नाही.

माझी विनंती, मोजायचा दिवस आठवड्यातनं एकच ठेवा, फास्टबॉल १५-२० पुरे, आणि टॅब तुमच्याकडं तोंड करून ठेवा, मुलांना दाखवू नका. आकडा तुमच्या वहीत जाऊ दे. एखाद्याचा आरपीएम किंवा वेग दोन आठवडे हळूहळू खाली येत असेल तर त्याला ओरडायच्या आधी कोपर दाबून बघा, दुखतंय का विचारा. मुलं सांगत नाहीत, निवड जाईल म्हणून घाबरतात. मनगट वळवायला शिकवताना पण बेतानं, जोर कमी ठेवून, अर्ध्या अंतरावरनं.

विंडमिल_ताई

मी सातारा जिल्ह्याकडनं सॉफ्टबॉल खेळलेय, पिचर होते, ४३ फुटांवरनं विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून खालनं टाकायचं. आमच्या वेळी ना रडार ना कॅमेरा, पण राइजबॉल (वर येतोय असं वाटणारा चेंडू) टाकताना चेंडू मागं फिरतोय का आडवा ते शिवणीच्या आवाजावरनं आणि कॅचरच्या हातमोज्यावरनं ओळखायचो, कॅचर सांगायची ताई आज वर येईना झालाय.

मास्तर, सगळ्यांनी यंत्राचं सांगितलं, मी कॅचरचं सांगते. तुमच्या त्या एकुलत्या कॅचरला प्रत्येक चेंडूनंतर एकच गोष्ट विचारा, बॅटरची बॅट चेंडूच्या वरनं गेली का खालनं. फक्त वर का खाली. वहीत बाण काढा. महिनाभरात तीन पोरांचे तीन वेगळे कागद तयार होतील. यंत्र चेंडूचं सांगतं, पण बॅटरला काय दिसलं ते बॅटच सांगते. वरनं जाणारी बॅट म्हणजे चेंडू अपेक्षेपेक्षा खाली, खालनं जाणारी म्हणजे वर. तुमच्या तीन नंबरचे सगळे बाण एकाच बाजूला येतील, पैजेवर सांगते.

आणि निवडीला जाताना तो कागद बरोबर न्या. बघणार नाहीत असं आधीच धरू नका. मला एकदा वेग कमी म्हणून नाकारत होते, तेव्हा आमच्या बाईंनी वही उघडून दाखवली होती, किती डावात किती धावा दिल्या, किती जमिनीवरनं गेले. निवडणाऱ्या सरांनी वही हातात घेऊन दहा मिनिटं वाचली आणि मला आणखी पाच बॅटरना टाकायला लावलं. तेवढी संधी पुरली मला.

आपला_वाळवा

ताई हे मात्र पटलं. वहीचं कुणीबी करू शकतंय, त्याला पैसा लागत नाही. मास्तर, ग्राउंडवर कॅचर कमी पडत असंल तर माझा पुतण्या हाय, किर्लोस्करवाडीला कामाला येतो, सॉफ्टबॉलला चार वर्षं कॅचर होता. सकाळची शिफ्ट नसंल त्या दिवशी येईल, विचारतो त्याला.

पलूसचा_मास्तर

उशीर झाला उत्तराला, शाळेत स्नेहसंमेलनाची गडबड होती.

फिजिओ मॅडम, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. आठही दिवस टाकायला लावलं होतं मी, हो. रोज तिघांचे मिळून दीडशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघांची कोपरं बघितली, एक आणि तीन ठीक. दोन नंबरनं आधी नाही म्हणाला, मग आतल्या बाजूला दाबल्यावर डोळे बारीक केले. विचारल्यावर म्हणाला तीन दिवस झालं दुखतंय सर, बाबांना सांगू नका. मी त्याच्या वडिलांना स्वतः जाऊन भेटलो, बसून सगळं सांगितलं, चूक माझी हाय म्हणालो. वडील आधी गप्प झाले, मग म्हणाले मी पण रोज गेटवर उभा राहून जोरात टाक म्हणत होतोच की. मिरजेला दाखवून आणलं, लिगामेंट शाबूत हाय, चार आठवडे टाकायचं नाही. मॅडम, तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्याला निवडीपर्यंत तसाच रेटला असता.

यंत्र परत गेलं. जायच्या आधी टर्नरभाऊंचा मोबाइलचा प्रयोग करून घेतला, एक नंबरचा मोबाइलवर १७१४ आला आणि यंत्रावर त्याच चेंडूला १७३०, म्हणजे काम भागतंय. रेघ मारलेले चार चेंडू वेगळे ठेवलेत. तो रेझिनचा डबा आता माझ्या कपाटात असतो, हँडबॉलच्या वेळेलाच निघतो.

एक नंबर अर्ध्या अंतरावरनं मनगटाचं करतोय, रेघ अजून लडबडते पण पहिल्यापेक्षा कमी. ताईंच्या सांगण्यावरनं वही सुरू केली, वाळव्याच्या दादांचा पुतण्या आठवड्यातनं तीन दिवस येतोय त्यामुळं तिसऱ्याला आउटफिल्डला पाठवायची वेळच आली नाही. तीन नंबरचे पहिल्या दोन आठवड्यांचे बाण मोजले, बॅटरनी ४१ वेळा बॅट फिरवली त्यात ३३ वेळा बॅट वरनं गेली किंवा चेंडूच्या वरच्या अंगाला लागली. त्याला वही दाखवली. बराच वेळ बाण बघत बसला, मग विचारलं सर हा कागद मला घरी न्यायला मिळेल का, आईला दाखवतो. झेरॉक्स काढून दिली.

आता एकच विचारायचं राहिलं. त्याला दोन शिवणींची पकड जमलीये पण चेंजअपला बोटं आखूड पडतात, हात लहान हाय पोराचा. टर्नरभाऊ, लहान हाताला कुठली पकड बसंल?